ट्रकच्या केबिनमध्ये ठेवायला कागदी रोड ॲटलस: कोणता घ्यावा आणि त्यावर काय मांडून ठेवावं?

भिवंडी_डिस्पॅच:

नमस्कार मंडळी. भिवंडीच्या गोदामांतून माल उचलणाऱ्या सहा गाड्यांसाठी कागदी ॲटलस घ्यायचे आहेत. चार दहा-चाकी आणि दोन ४० फुटी ट्रेलर, ट्रेलरचं काम न्हावा-शेव्याच्या कंटेनरचं. मार्ग बहुतेक ठरलेले: इंदूर, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू, शिवाय अधूनमधून चिपळूण-रत्नागिरी. मोबाइलवर गुगल मॅप सगळ्याच ड्रायव्हरांकडे आहे, पण तो रस्ता कारचा दाखवतो. गाडीची उंची, लांबी, वजन त्याला विचारातच घेता येत नाही, आणि घाटात रेंज गेली की नवीन रस्ता शोधता येत नाही.

विचारायचं ते असं. दुकानात चार ॲटलस समोर आले तर त्यातला चांगला कसा ओळखायचा? छापलेल्या नकाशावर ट्रकसाठी म्हणून हाताने काय भरून घ्यायचं? आणि केबिनच्या उन्हात-पावसात तो वर्षभर टिकवायचा कसा?

नकाशाची_घडी:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी प्रमाण बघा. १:१०,००,००० असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. १:१५,००,००० असेल तर १५ किलोमीटर. केबिनसाठी या दोनच्या मधलंच काहीतरी घ्या. १:२५,००,००० चा अख्ख्या भारताचा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर छान दिसतो, पण त्यात १ सेंटिमीटरला २५ किलोमीटर बसतात. ठाणे, भिवंडी आणि कल्याण तिन्ही एका बोटाखाली झाकले जातात. कुठून वळायचं हे त्यावर कळणं शक्य नाही. शेवटच्या पाच-दहा किलोमीटरसाठी, म्हणजे एमआयडीसीतला प्लॉट किंवा आडगावातलं गोदाम शोधायला, भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे उपयोगी आहेत. त्यात १ सेंटिमीटरला ५०० मीटर येतात, नदीवरचा पूल, रेल्वे फाटक, चढ-उतार सगळं दिसतं. मात्र रस्त्यांची माहिती त्यात जुनी असू शकते. जमिनीचा अंदाज त्यावरून घ्या, रस्ता दुसरीकडून ताडून बघा.

मग आवृत्ती. मुखपृष्ठावरच्या सालावर विसंबू नका, जुन्याच प्लेटवर नवीन साल टाकून पुनर्मुद्रण होतं. थेट समृद्धी महामार्गाचं पान उघडा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये. नकाशात ठळक रेघ जिथे संपते आणि तुटक रेघ सुरू होते, तिथे त्या नकाशाची माहिती थांबलेली आहे. तुमच्यासाठी तर आमणे हेच महत्त्वाचं, भिवंडीच्या दाराशी आहे. दुसरी खूण नावांची: छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव २०२३ ची, अहिल्यानगर २०२४ चं. फक्त नावं बदलून रस्ते जुनेच ठेवलेलेही नकाशे असतात, म्हणून दोन्ही खुणा जुळायला हव्यात.

तिसरी गोष्ट महामार्गांच्या क्रमांकांची. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. ज्या ॲटलसात मुंबई-अहमदाबाद अजून ८ आणि मुंबई-गोवा १७ आहे तो ठेवून द्या. पण ढाब्यावर, ट्रान्सपोर्ट ऑफिसात आणि बऱ्याच जुन्या पाट्यांवर जुनेच आकडे चालतात, त्यामुळे ही यादी ॲटलसच्या आतल्या मुखपृष्ठावर चिकटवा:

जुना ८ (मुंबई-अहमदाबाद-दिल्ली) आणि जुना ४ (मुंबई-पुणे-बेंगळुरू), दोन्ही आता ४८
जुना १७ (पनवेल-गोवा) आता ६६
जुना ६ (सुरत-धुळे-नागपूर) आता ५३
जुना ७ (नागपूर-हैदराबाद) आता ४४
जुना ९ (पुणे-सोलापूर-हैदराबाद) आता ६५
जुना ५० (पुणे-नाशिक) आता ६०
जुना २११ (सोलापूर-धुळे) आता ५२
जुना २२२ (कल्याण-माळशेज-नगर) आता ६१

जुन्या ३ चे, म्हणजे आग्रा रोडचे, तुकडे झाले. नाशिक-धुळे ६० मध्ये गेला, धुळे-इंदूर ५२ मध्ये. इंदूरच्या ड्रायव्हरचा गोंधळ नेमका धुळ्याला होतो, तिथे पाटीवर आकडा बदलतो आणि रस्ता चुकल्यासारखं वाटतं.

नवीन आकड्यांना एक रीत आहे, ती ड्रायव्हरला एकदा समजावून सांगा. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे: नागपूरचा ४४, बीड-सोलापूरचा ५२, नाशिक-पुण्याचा ६०, कोकणातला ६६. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे: धुळ्याचा ५३, माळशेजचा ६१, सोलापूरचा ६५. तीन आकडी क्रमांक म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांच्या रस्त्याचा फाटा. न्हावा-शेव्याकडे जाणारा ३४८ हा ४८ चा फाटा. ४८ मात्र दिल्लीहून तिरका चेन्नईपर्यंत उतरतो, त्याला ही रीत सगळीकडे लावू नका.

आणि सूची तपासा. गावांची सूची जिल्ह्यासकट हवी. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. शिरपूर धुळ्यात आहे, वाशिममध्येही. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नुसतं गावाचं नाव आणि सूचीत नुसता पान क्रमांक असेल तर गाडी भलत्याच जिल्ह्यात जाते. तालुका आणि पिन कोड जुळल्याशिवाय सूचीतलं नाव धरू नका.

घाटरस्ता:

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. आपल्याकडचे ॲटलस कार आणि पर्यटक डोळ्यांपुढे ठेवून छापलेले आहेत: लेणी, किल्ले, हॉटेलं दाखवतात. अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी वेगळा ॲटलस निघतो. त्यात मोठ्या ट्रेलरला परवानगी असलेले रस्ते वेगळ्या रंगात असतात, कमी उंचीच्या पुलांचे राज्यवार तक्ते असतात, वजनकाट्यांच्या जागा असतात. आपल्याला तसलं पुस्तक हातात येईपर्यंत ते स्वतःच्या पेन्सिलीने करावं लागतं. वेळ लागतो, पण पाच मार्गांचं काम एका रविवारात होतं.

घाटांपासून सुरुवात करा. नकाशात घाट फक्त वळणावळणाची रेघ असते. त्या रेघेवर उताराच्या दिशेने बाण काढा. मुंबईकडे येताना कसारा आणि बोर घाट दोन्ही उताराचे आहेत, म्हणजे भरून येणाऱ्या गाडीला धोका परतीच्या फेरीत जास्त. इंदूरच्या मार्गावर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट आहे, इंदूरहून येताना तो उताराचा. बाणाच्या शेपटीशी, म्हणजे उतार सुरू होण्याआधी, गाडी बाजूला घेऊन ब्रेक, हवेचा दाब आणि टायर बघता येईल अशी जागा असेल तर तिथे गोल करा. उतार सुरू झाल्यावर खालचा गिअर टाकू म्हटलं तर उशीर झालेला असतो. भरलेल्या गाडीचा वेग वाढला की गिअर बसत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनिंग तापतं आणि ब्रेक धरेनासा होतो. गोल आधी दिसला तर ड्रायव्हर गिअर आधी पाडतो.

मग बंदीचे रस्ते, लाल पेन्सिलीने फुली. ५२ वर चाळीसगाव आणि कन्नडच्या मधला औट्रम घाट नकाशात चांगला जाड राष्ट्रीय महामार्ग दिसतो, पण तिथे अवजड वाहनांना २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी झाली. इंदूरहून धुळेमार्गे परस्पर सोलापूर-हैदराबादकडे गाडी वळवायची झाली तर नकाशावर हाच सरळ रस्ता दिसतो आणि गाडी घाटाच्या तोंडाशी जाऊन अडकते. महाड-भोरचा वरंध घाट पावसाळ्यात बंद केला जातो, पोलादपूर-महाबळेश्वरच्या आंबेनळीत दरडी येतात. चिपळूण-कराडचा कुंभार्ली नकाशात सरळ जवळचा वाटतो, पण ४० फुटी ट्रेलरला तिथली वळणं एका दमात घेता येत नाहीत, मागचं चाक आतल्या गटारात उतरतं. चिपळूण-रत्नागिरीला ट्रेलर ६६ नेच न्या आणि परत आणा.

द्रुतगती मार्गांवर वेगळी चूक होते. नकाशात दोन रेघा एकमेकींना छेदतात म्हणून तिथे चढता-उतरता येईलच असं नाही. समृद्धीला छेदणारे कितीतरी रस्ते खालून किंवा वरून निघून जातात. फक्त इंटरचेंजला टिंब द्या आणि दोन टिंबांमधलं अंतर लिहा. एक इंटरचेंज चुकला की पुढचा येईपर्यंत परत फिरायची सोय नाही, आणि डिझेल-पाण्याचा हिशोब याच अंतरावर करायचा असतो.

मुंबई शहराचं पान वेगळं ठेवा. ईस्टर्न फ्रीवेवर अवजड वाहनं चालत नाहीत. अटल सेतूवरून मुंबईकडे येणाऱ्या जड गाडीने शिवडीला गाडी अड्ड्याच्या बाजूने खाली उतरायचं आहे, फ्रीवेवर चढायचं नाही. शहरात शिरायच्या बंदीच्या वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेप्रमाणे बदलतात, ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या वेगळ्या असतात. त्या शाईने कधीच लिहू नका. पेन्सिलीने लिहा आणि शेजारी तारीख टाका, म्हणजे माहिती किती जुनी आहे हे वाचणाऱ्याला कळेल. खरं तर हाताने लिहिलेल्या प्रत्येक नोंदीला महिना-साल हवंच.

कळंबोली_ट्रेलर:

टिकवण्याबद्दल. गोंदाने चिकटवलेली बांधणी घेऊ नका. मे महिन्यात बंद केबिनमध्ये काचेखाली ठेवलेल्या पुस्तकाचं गोंद सुटतं आणि पानं हातात येतात. तारेची स्पायरल बांधणी सगळ्यात चांगली, पूर्ण उलटून मांडीवर सपाट राहते. प्लॅस्टिकची स्पायरल उन्हाने कडक होऊन मोडते. साधी बांधणी असेल तर कण्याकडची पट्टी कापून स्पायरल करून घ्या, पण आधी बघा की दोन पानांवर पसरलेल्या नकाशाचा मधला भाग कापला जात नाही ना. नेमका तिथेच एखादा बायपास असतो.

लॅमिनेशन करून घ्या. घामाचे हात, चहा, पावसाचं पाणी, सगळ्यातून वाचतं. त्यावर लिहायला ग्लास मार्किंग पेन्सिल वापरा, सुक्या कापडाने पुसली जाते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: केबिनमधला लाल दिवा. लाल उजेडात लाल रेघ दिसेनाशी होते, आणि बहुतेक नकाशांत मोठे महामार्ग लालच छापलेले असतात. रात्री ड्रायव्हर पान उघडतो आणि त्याला मुख्य रस्ताच दिसत नाही, फक्त काळे-निळे राहतात. नकाशा बघायला मंद पांढरा दिवा किंवा छोटी बॅटरी ठेवा. नोंदींसाठीही लाल पेन्सिल वापरली असेल तर तीही दिसणार नाही. घाटरस्ता दादा, फुल्यांना काळी पेन्सिल बरी.

गाडी चालत असताना नकाशा बघायचा नाही हे वेगळं सांगायला नको. निघायच्या आधी पुढच्या सात-आठ वळणांची नावं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत, डॅशबोर्डला. आणि ॲटलस इंग्रजीत असेल तर ठरलेल्या मार्गांवरची गावं देवनागरीत लिहून द्या. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे ड्रायव्हर देवनागरी पटकन वाचतात.

नकाशाची_घडी:

सगळ्या पानांच्या लॅमिनेशनला माझा विरोध आहे. शंभर पानांचं पुस्तक तिप्पट जाड होतं, दुपारी काचेसारखं चकाकतं, आणि त्यावर पेन्सिल चालत नाही म्हणजे तारखेसह नोंदी टिकत नाहीत. ग्लास मार्किंग पेन्सिलीची नोंद पान पानावर घासून महिन्याभरात पुसट होते. मूळ पानं कोरी राहू द्या, कायमच्या नोंदी त्यावर २बी पेन्सिलीने करा. ज्या फेरीला गाडी निघते तेवढीच चार-पाच पानं स्पायरलमधून काढून पारदर्शक फोल्डरमध्ये द्या. तात्पुरती खूण, म्हणजे आज अमुक पूल बंद वगैरे, फोल्डरवर करा.

लाल फुलीबद्दल मात्र तुमचं पटलं. काळीच योग्य.

घाटरस्ता:

मलाही पटलं. लाल फुली मागे घेतो, काळी करा.

ईवे_हिशोब:

ॲटलसचा आणखी एक उपयोग ऑफिसमध्ये आहे. ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन बिलाची, मुदत अंतरावर ठरते: साध्या मालाला दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागाला एक दिवस. १ जानेवारी २०२१ च्या आधी हे १०० किलोमीटरला एक दिवस होतं. म्हणजे ५९० किलोमीटरला ३ दिवस आणि ६१० ला ४. पोर्टल पिन कोडवरून अंतर स्वतः काढतं आणि त्यात फक्त १० टक्क्यांपर्यंत वाढ करू देतं. गाडी जर बंदीमुळे लांबच्या रस्त्याने जाणार असेल तर ते आधीच मोजून बिल करतानाच भरलं पाहिजे.

मोजायचं कसं? नकाशावर पट्टी लावून नाही. ॲटलसात दोन फाट्यांच्या मध्ये छोटे आकडे छापलेले असतात, त्यांची बेरीज करा. मोठ्या शहरांमधला ठळक आकडा वेगळा असतो, तो आणि छोटे आकडे एकत्र मिळवू नका, दुप्पट होतं. पट्टीने किंवा दोऱ्याने मोजलेलं अंतर घाटात हमखास कमी भरतं, कारण छापताना बारीक वळणं सरळ केलेली असतात. बेरजेत गोदाम ते हायवे आणि हायवे ते उतरण्याची जागा हे दोन तुकडे विसरू नका.

दिवस मोजताना बिल केलेल्या तारखेनंतरचा दिवस संपतानाची मध्यरात्र हा पहिला दिवस संपायचा क्षण. तरीही मुदत कमी पडली तर संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाढवता येते, तेव्हा गाडी कुठे उभी आहे ते ठिकाण आणि पिन कोड लागतो. तो ड्रायव्हरने नकाशावरून सांगितला तर काम मिनिटांत होतं. ओडीसी मालाला, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरच्या मोठ्या मालाला, हा हिशोब दिवसाला २० किलोमीटरचा आहे, त्याचं वेगळं बघा.

भिवंडी_डिस्पॅच:

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. पिन कोडचा कॉलम आजच चिठ्ठीत घालतो. दोन गोष्टी राहिल्या. ट्रेलरची उंची नकाशावर लिहायची तर ती नेमकी मोजायची कशी? आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर ड्रायव्हरने जागा कशी सांगायची? “ढाब्याच्या पुढे” यापलीकडे फोनवर काही कळत नाही.

कळंबोली_ट्रेलर:

उंची. साधा ४० फुटी कंटेनर २.५९ मीटर उंच असतो, हायक्यूब २.९० मीटर. ट्रेलरची फळी जमिनीपासून साधारण दीड मीटर धरली तर हायक्यूब लादल्यावर ४.४० मीटर होतात, म्हणजे जवळजवळ १४ फूट ५ इंच. पण या अंदाजावर पुलाखाली जाऊ नका, प्रत्येक ट्रेलर मोजा.

सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा, टायरमध्ये पूर्ण हवा. कंटेनरच्या छतावर सरळ फळी आडवी ठेवा, टोक बाहेर काढा, टोकाला ओळंबा सोडा आणि जमिनीपर्यंत टेपने मोजा. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. सगळ्यात मोठा आकडा धरायचा. भरलेली आणि रिकामी दोन्ही वेळा मोजा. रिकाम्या गाडीचे पाटे (स्प्रिंगा) उठतात आणि ती वर येते, त्यामुळे जाताना भरलेली गाडी ज्या पुलाखालून गेली तिथेच रिकामा कंटेनर घेऊन परतताना घासते. दहा-चाकींना ताडपत्रीची गाठ आणि हौद्यावर आलेला माल धरून मोजा. आलेल्या आकड्यात १५ सेंटिमीटर मिळवा आणि तो मीटरमध्ये आणि फूट-इंचांत, दोन्हीत, डॅशबोर्डवर चिकटवा, कारण पाट्या दोन्ही तऱ्हेच्या असतात.

पाटीवरच्या आकड्यातही दोन खोटी. रस्त्यावर डांबराचे नवे थर चढले की पुलाखालची जागा कमी होते, पाटी जुनीच राहते. आणि कमानीच्या दगडी पुलाला उंची मध्यावर असते, कडेला नाही. डावीकडून गेलं की कंटेनरचा वरचा कोपरा लागतो. असे पूल नकाशावर वेगळ्या खुणेने मांडा आणि शेजारी “मध्यातून” असं लिहा. विजेच्या रेल्वे मार्गावरच्या फाटकाआधी हाइट गेज, म्हणजे उंचीची मर्यादा दाखवणारी आडवी चौकट, असतं, त्याला माल टेकला तर तिथूनच मागे या. वर २५ हजार व्होल्टची तार आहे.

घाटरस्ता:

जागा सांगायची ती किलोमीटरच्या दगडावरून. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर गावचा रस्ता. त्यावरून ड्रायव्हर मुख्य रस्त्यावर आहे की चुकून बाजूला उतरलाय हे लगेच कळतं. द्रुतगती मार्गावर दुभाजकाजवळ किंवा कडेला किलोमीटरच्या छोट्या पाट्या असतात.

फोनवर या क्रमाने सांगायला शिकवा: महामार्गाचा नवीन क्रमांक, दगडावरचा किलोमीटर, तोंड कोणत्या शहराकडे, मागे गेलेला शेवटचा टोलनाका. उदाहरणार्थ, “५२ नंबर, किलोमीटर अमुक, तोंड धुळ्याकडे, सेंधवा मागे गेलं.” राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला हेच लागतं आणि क्रेन बरोबर बाजूला येते. तोंड कुठे आहे ते सांगितलं नाही तर दुभाजकाच्या पलीकडे येऊन थांबते आणि पुढच्या कटपर्यंत जाऊन फिरून यावं लागतं. अपघातात कुणाला लागलं असेल तर ११२.

ॲटलसच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तुमच्या पाच मार्गांवरचे टोलनाके ओळीने लिहा, प्रत्येकासमोर दगडावरचा किलोमीटर, जाण्याच्या क्रमाने. परतीसाठी तीच यादी खालून वर वाचायची. ही यादी ऑफिसमध्ये आणि गाडीत एकसारखी हवी, एक बदलली की दुसरी त्याच दिवशी बदला.